दोन मित्र, दोन मोटारसायकली, एक दिवस: मराठवाड्यातील निवांत फेरीची तयारी आणि क्रम

सकाळी सहाला निघायचे ठरते, प्रत्यक्षात दहा वाजतात. पेट्रोल, हवा आणि नाश्ता यांत आणखी तास जातो, उन्हाच्या ऐन भरात रस्ता कापावा लागतो, ठरवलेल्या ठिकाणी जेमतेम अर्धा तास मिळतो आणि परतीला उसाच्या ट्रॉलीमागे, अंधारात, डोळे ताणून गाडी चालवावी लागते. घरी पोचल्यावर दोघेही दमलेले आणि थोडेसे एकमेकांवर रुसलेले असतात. असे झाले की दोष बहुधा रस्त्याला किंवा गाडीला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र दोष आखणीच्या क्रमाचा असतो. आधी ठिकाण ठरते, मग किलोमीटर मोजले जातात आणि वेळेचा विचार सर्वांत शेवटी होतो. निवांत फेरी याच्या उलट क्रमाने आखावी लागते, म्हणजे आधी परतीची वेळ, मग वाट आणि शेवटी ठिकाण.

हा लेख एका दिवसात जाऊन येण्याच्या फेरीपुरता आहे. गाडी शंभर ते दीडशे सीसीची, रोजच्या वापरातली असली तरी पुरते.

## टप्पा 1: सोबत्याशी आधी बोलून घेणे

बहुतेक जण ही पायरी गाळतात. जुन्या मित्राशी काय ठरवायचे, असे वाटते, परंतु रस्त्यावरचे बहुतेक वाद न बोललेल्या गोष्टींमुळेच होतात. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी चार गोष्टी स्पष्ट बोलून ठेवाव्यात: वेग किती, घरी किती वाजता पोचायचे, खर्च कसा वाटायचा आणि पुढे कोण चालणार.

यांपैकी वेगाचा विषय सर्वांत अवघड आहे, कारण मित्रापुढे ‘जरा हळू चालव’ म्हणणे अनेकांना कमीपणाचे वाटते. म्हणून तो विषय घरी, चहा पिताना काढावा. गावरस्त्यांवर ताशी 40 ते 50 किलोमीटर हा वेग पुरेसा असतो. या वेगात शेतातले पीक ओळखता येते, वास येतात, आणि समोर बकरी आली तर गाडी थांबते. दोघांपैकी ज्याची गाडी लहान किंवा ज्याचा हात कमी सरावाचा, तो पुढे राहील, असा नियम करावा. उलटे केले तर मागचा माणूस दिवसभर पुढच्याला गाठण्याच्या नादात स्वतःच्या कुवतीबाहेर गाडी पळवतो.

आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी. दोघांपैकी कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता ‘चल, परत फिरू’ म्हणू शकतो आणि दुसऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही. दुपारच्या जेवणासोबत ‘थोडीशी’ घेण्याची कल्पना ज्याच्या मनात असेल, त्याच्यासोबत ही फेरी काढू नये. त्याच्यासोबत घरी बसावे.

एक गाडी न्यावी की दोन, हा प्रश्न नेहमी येतो. डबलसीट गेल्यास गप्पा होतात आणि पेट्रोल वाचते. दोन गाड्या असल्यास एक बंद पडली तरी दुसरी मदतीला असते. आडवाटेवर जायचे असल्यास माझे मत दोन गाड्यांच्या बाजूने आहे. डबलसीटच जायचे असल्यास मागच्यालाही बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह असलेले हेल्मेट हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे ते दोघांनाही बंधनकारक आहे आणि गावरस्त्याला त्यातून सूट नाही.

## टप्पा 2: दिवस निवडणे

मराठवाड्यात ऋतू पाहिल्याशिवाय वाट ठरवता येत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दिवसभराची फेरी काढूच नये. पहाटे निघून नऊ-साडेनऊला घरी परतता येईल एवढेच अंतर घ्यावे. पावसाळ्यात बालाघाटाचे डोंगर हिरवे होतात. बीडजवळचे कपिलधार किंवा पाटोदा तालुक्यातील सौताडा येथील धबधबे पाहण्याचे दिवस तेच असतात. परंतु या दिवसांत डांबर सोडून एक पाऊलही काळ्या मातीत गाडी घालू नये. ही माती ओली झाली की टायरला थर चढतात, ती मडगार्डमध्ये दाबून बसते आणि पुढचे चाक फिरायचेच थांबते. चिखलातून गाडी ढकलत दोनशे मीटर नेण्यात दिवसाची सगळी ताकद खर्च होते.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात हवा छान असते, परंतु सोयाबीनची काढणी चालू असते आणि अनेक ठिकाणी शेतमाल रस्त्यावरच वाळत घातलेला असतो. सर्वांत चांगले दिवस डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हे होत. ज्वारी उभी असते, हुरड्याचा हंगाम असतो आणि दुपारीसुद्धा गाडी चालवता येते. याच काळात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो, हे विसरू नये. लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात, आणि त्यांतील अनेकांना मागे दिवा तर सोडाच, परावर्तक पट्टीही नसते.

तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांगावर नजर टाकावी. नवरात्रापासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अनवाणी चालणाऱ्या भाविकांची रांग लागते आणि काही रस्त्यांवरील वाहतूक वळवली जाते. महाशिवरात्रीला परळी आणि औंढा नागनाथ, तर नाथषष्ठीला पैठण येथे हीच स्थिती असते. लातूर-धाराशिवकडील वाचकांना वेळ अमावास्येविषयी, म्हणजे शेतात पूजा करून जेवण्याच्या येळवस या सणाविषयी, वेगळे सांगायला नको. त्या दिवशी गावेच्या गावे शेतात असतात, बाजारपेठेत शुकशुकाट असतो आणि पंक्चर काढणाराही आंबील प्यायला गेलेला असतो. मित्राचे शेत असेल तर येळवशीसारखा दिवस नाही. नसेल तर तो दिवस टाळावा.

तपासा: वाटेत ज्या गावी जेवायचे आहे, तेथील आठवडी बाजाराचा वार कोणता? बाजाराच्या दिवशी खायला ताजे मिळते, परंतु गावातून बाहेर पडायला वीस मिनिटे जास्त लागतात.

## टप्पा 3: परतीपासून मागे मोजत वाट आखणे

सूर्यास्ताची वेळ पाहून त्याच्या अर्धा तास आधी घरी पोचायचे, हा पहिला आकडा कागदावर लिहावा. दुसरा आकडा सरासरी वेगाचा. स्पीडोमीटरवर 50 दिसत असले तरी गावरस्त्यावर गतिरोधक, गुरे, वळणे आणि वाट विचारणे धरून ताशी सरासरी 30 ते 35 किलोमीटरच पडतात. नवखे लोक इथे 50 धरतात आणि सगळे गणित बिघडते. दिवसाला एकूण 100 ते 130 किलोमीटर ही निवांत फेरीची मर्यादा समजावी. दोनशे किलोमीटरांची फेरीही एका दिवसात होते, परंतु तो प्रवास होतो.

एक उदाहरण घेऊ. लातूरहून औसा, खरोसा, निलंगा आणि परत लातूर असा फेरा ढोबळमानाने 110 किलोमीटरांचा आहे. डिसेंबरअखेर या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून घरी साडेपाचला पोचायचे. निलंगा ते लातूर सुमारे 50 किलोमीटर आहे. त्याला दीड तास आणि चहाचा अर्धा तास धरला, तर निलंगा साडेतीनला सोडावे लागते. त्याआधी नीलकंठेश्वराचे जुने मंदिर, जेवण आणि झाडाखाली तासभर आडवे होणे यांसाठी तीन तास हवेत, म्हणजे निलंग्यात साडेबाराला पोचले पाहिजे. खरोशाची लेणी जांभ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली आहेत. ती पाहून टेकडीवर बसायला दोन तास धरले, तर तेथे दहाच्या आत पोचावे लागते. मग औशाच्या भुईकोट किल्ल्याजवळ नाश्ता करायचा असल्यास घर सव्वासातला सोडणे भाग आहे. अशी मागून मोजणी केली की कोणत्या थांब्याला किती वेळ आहे, हे आपोआप कळते आणि ‘अजून एक ठिकाण बघून घेऊ’ हा मोह आकड्यांपुढे टिकत नाही.

धाराशिवकरांनी हीच रीत तुळजापूरमार्गे नळदुर्गला लावून पाहावी. पावसाळा चांगला झाला असेल, तर किल्ल्यातील पाणीमहालावरून बोरी नदीचे पाणी कोसळताना दिसते आणि तिथून लवकर पाय निघत नाही, म्हणून त्या थांब्याला वेळ सढळ धरावा.

वाट निवडताना राष्ट्रीय महामार्ग शक्यतो टाळावेत. तेथे दुचाकीला टोल नसतो हे खरे, परंतु ट्रकच्या वाऱ्यात गाडी हलते आणि बोलणे-थांबणे संपते. समृद्धी महामार्गावर तर दुचाकींना प्रवेशच नाही, आणि जालना व छत्रपती संभाजीनगर भागात नकाशाचे ॲप चुकीच्या वाहनावर लावलेले असेल तर ते तिकडेच नेते. दुसऱ्या टोकाला, हेच ॲप ‘चार मिनिटे वाचतील’ म्हणून पाणंद रस्त्यात घालते, जिथे पुढे दोन शेतांमधल्या बांधावर वाट संपते. माझी कसोटी साधी आहे. ज्या रस्त्याने एसटी जाते, तो रस्ता घ्यावा. त्या रस्त्यावर दर काही किलोमीटरला माणूस, सावली आणि चहा मिळतो.

सूचना: नकाशा आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवावा. डोंगरपट्ट्यात आणि खोलगट भागात रेंज जाते. गावांची नावे क्रमाने एका कागदावर लिहून खिशात ठेवली तर फोनपेक्षा तो कागदच अधिक कामाला येतो.

## टप्पा 4: गाडीची तपासणी, तीन दिवस आधी

आदल्या संध्याकाळी सर्व्हिसिंग करून घेणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मीही ती केली आहे. एका गॅरेजात चेन इतकी ताणून बसवली गेली की पंचवीस किलोमीटरनंतर खड्ड्यागणिक मागून कुरकुर ऐकू येऊ लागली आणि पाना नसल्यामुळे पुढच्या गावापर्यंत वीसच्या वेगाने जावे लागले. सर्व्हिसिंग तीन दिवस आधी करावे आणि त्यानंतर गाडी शहरातच पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. काही सैल राहिले असेल, गळत असेल किंवा आवाज करत असेल, तर ते घराजवळ कळते.

तपासणीचा क्रम जमिनीपासून वर जाणारा ठेवावा, म्हणजे काही राहून जात नाही.

टायर: खाचा उरल्या आहेत का, बाजूला चिरा आहेत का, खिळा रुतला आहे का, ते चाक हाताने फिरवून पाहावे. हवा टायर थंड असताना मोजावी, कारण धावून गरम झालेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो. किती हवा हवी ते गाडीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. डबलसीटसाठी मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, आणि तोच बहुतेक जण पाहत नाहीत. आरे असलेले चाक असल्यास प्रत्येक आरा बोटाने दाबावा. सैल आरा लगेच कळतो.

चेन: खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून ढील पाहावी आणि चाक थोडे-थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी तेच करावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी ढील ठेवू नये. गाडीवर वजन बसले आणि मागचे शॉक दबले की चेन आणखी ताणली जाते, आणि आधीच घट्ट असलेली चेन मग बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) दोन्ही खाते.

ब्रेक, वायर आणि दिवे: मागचा ब्रेक दाबून चाक फिरवून पाहावे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी लिव्हरजवळच्या टोकाला तुटायला सुरुवात करतात. तेथे एखादा तंतू जरी सुटलेला दिसला, तरी वायर बदलावी. वायर स्वस्त असते, आणि आडगावात आपल्याच मॉडेलची मिळेल याचा भरवसा नसतो. मागचा ब्रेक-लाइट दोन्ही ब्रेकने लागतो का, हे भिंतीवर पडणाऱ्या उजेडावरून एकट्यालाही पाहता येते.

ऑइल: गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करून पातळी पाहावी. साइड स्टँडवर तिरकी असताना पाहिलेली पातळी चुकीची असते.

तपासा: दोन्ही गाड्यांना हीच तपासणी झाली का? स्वतःची गाडी चकाचक आणि मित्राची ‘चालते की’ अशी असेल, तर दिवस मित्राच्या गाडीप्रमाणे जातो.

## टप्पा 5: सामान

इथे जास्त वेळ घालवण्याचे कारण नाही. दोघांत मिळून गाडीसोबतची हत्यारे, स्पार्क प्लगचा पाना, चाक काढण्याचा पाना, एक जास्तीचा प्लग, ट्यूबचे टायर असल्यास पुढच्या आणि मागच्या मापाची एकेक ट्यूब, चिकटपट्टी, बारीक तार आणि दोन मीटर दोरी एवढे पुरते. ट्यूबलेस असल्यास पंक्चर बुजवण्याच्या पट्ट्यांचा संच आणि लहान पंप घ्यावा. प्रत्येकी दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची किंवा ओआरएसची पुडी, जखमेवरची पट्टी आणि एक मोठी दस्ती (रुमाल) असावी. रोख पैसे सुटे ठेवावेत, कारण फोनने पैसे देण्याची सोय असली तरी रेंज गेली की चहाचे दहा रुपयेही अडतात. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असल्यास चालतात, फक्त ती आधीच उतरवून ठेवावीत.

बांधणीकडे मात्र लक्ष द्यावे. जड वस्तू सीटवर, अंगाच्या जवळ आणि खाली असाव्यात. हँडलला पिशवी लटकवू नये, कारण वळताना ती टाकीला अडकते. दस्ती, ओढणी, दोरीचे सुटे टोक आणि जाकिटाच्या नाड्या यांतील एकही वस्तू चेनच्या बाजूला लोंबता कामा नये.

## टप्पा 6: निघण्याची सकाळ

क्रम पाळावा. आधी पोट हलके, मग टायरवर एक नजर, मग पेट्रोल. दोघांनी एकाच पंपावर टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पेट्रोलचा काटा खोटे बोलतो, किलोमीटर बोलत नाहीत. घरी वाटेतील गावांची नावे आणि परतीची वेळ सांगून जावी. ‘इकडेच जरा फिरून येतो’ असे सांगून निघालेल्या माणसाला शोधायचे झाल्यास कोणीही काही करू शकत नाही.

डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या आणि तलावाजवळच्या रस्त्यांवर धुके असते. तेव्हा अर्धा तास उशिरा निघावे आणि तो अर्धा तास दुपारच्या विश्रांतीतून कापावा. परतीतून कापू नये.

## टप्पा 7: रस्त्यावर

दोन गाड्यांनी शेजारी-शेजारी चालू नये. गप्पा मारण्याची हौस थांब्यावर भागवावी. पुढच्याने आपल्या लेनच्या मधल्या रेषेकडील भागात आणि मागच्याने डाव्या भागात राहावे, म्हणजे मागच्याला समोरचा रस्ता दिसतो. अंतर सेकंदांत मोजावे. पुढची गाडी ज्या झाडाजवळून गेली, तिथे पोचायला आपल्याला निदान तीन सेकंद लागले पाहिजेत. पुढच्याने आरशात मागचा दिवा दिसतो का, हे अधूनमधून पाहावे आणि दिसेनासा झाल्यास डावीकडे सुरक्षित जागी थांबावे. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा येईपर्यंत थांबायचेच. हा एक नियम पाळला तर चुकामूक जवळजवळ होत नाही.

खुणा तीनच ठेवाव्यात. एक लांब हॉर्न म्हणजे थांब, डावा हात खाली करून बोट दाखवणे म्हणजे खड्डा किंवा माती, आणि टाकीवर थाप म्हणजे पेट्रोल. यापेक्षा जास्त खुणा ठरवल्या तर ऐन वेळी आठवत नाहीत.

आता या भागातल्या रस्त्यांचे खास धोके पाहू, कारण शहरात शिकलेला हात इथे चुकतो.

एकेरी डांबरी रस्त्याची साइडपट्टी. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात वाहून जाते, त्यामुळे डांबराची कड कित्येक ठिकाणी अर्धा-एक वीत उंच राहते. समोरून जीप किंवा एसटी आली की घाबरून डावीकडे गाडी खाली उतरवली जाते आणि चाक कडेला घासून गाडी पडते. परत डांबरावर चढताना तिरके चढल्यास हमखास तेच होते. आधीच वेग कमी करावा, सपाट जागा पाहून उतरावे, गरज वाटल्यास पूर्ण थांबावे, आणि वर चढताना कडेला जमेल तितके काटकोनात यावे.

रस्त्यावर पसरलेले धान्य. सोयाबीन गोल आणि गुळगुळीत असते, त्यावर ब्रेक दाबणे म्हणजे गोट्यांवर ब्रेक दाबणे. वेग आधी कमी करून, ब्रेक आणि क्लच न दाबता, हँडल सरळ ठेवून पार व्हावे, किंवा मोकळ्या बाजूने हळू जावे. शेतकऱ्याशी हुज्जत घालू नये, खळ्याला जागा असती तर त्याने डांबरावर माल टाकला नसता.

शेतातून नुकताच ट्रॅक्टर बाहेर पडलेला असेल, तिथे डांबरावर चिखलाचे गोळे पडलेले असतात. पाऊस नसतानाही पाणी दिल्यामुळे ते ओले असतात. वळणानंतर असा पट्टा आला तर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून शेतातील कच्चा रस्ता डांबराला जिथे मिळतो, तिथे नजर आधीच टाकावी.

उसाच्या ट्रॉल्या. ओव्हरटेक करताना एकच ट्रॉली आहे, असे गृहीत धरू नये. दुसरी असतेच. दोघांनी एकामागोमाग ओव्हरटेक करू नये. पुढचा गेल्यावर मागच्याने स्वतः समोर पाहून स्वतंत्र निर्णय घ्यावा. पुढच्याने हाताने ‘ये, ये’ असे खुणावणे धोक्याचे आहे, कारण त्याला दिसणारा रस्ता मागच्याला दिसणारा रस्ता नसतो.

गुरे आणि शेळ्या. कळपाच्या मधून जाऊ नये, हॉर्न वाजवू नये. राखणाऱ्याकडे पाहून थांबावे, तो बाजूला करतो. एक वासरू रस्ता ओलांडून गेले असेल, तर दुसरे येणार, हे धरून चालावे.

सूचना: फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते घोट्याएवढे दिसले तरी गाडी घालू नये. फरशी मध्येच वाहून गेली आहे का, हे वरून कळत नाही. समोरचा गेला म्हणून आपणही जाऊ, हा हिशेब चुकीचा आहे. परत फिरावे.

## टप्पा 8: थांबे

तासाला किंवा 35-40 किलोमीटरला एक थांबा घ्यावा, थकवा येण्याची वाट पाहू नये. गाडी वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर उभी करू नये. मऊ मातीत साइड स्टँड रुततो, म्हणून खाली चपटा दगड ठेवावा. प्रत्येक थांब्यावर दहा सेकंदांचे काम करावे. दोघांनी एकमेकांच्या गाडीचे मागचे चाक, चेन आणि बांधलेले सामान पाहावे. आपल्या गाडीतील दोष दुसऱ्याच्या डोळ्याला आधी दिसतो.

वाट विचारण्याचीही रीत आहे. ‘हा रस्ता खरोशाला जातो का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘जातो की’ असेच येते, कारण आठ किलोमीटरचा वळसा घेऊन तोही जातोच. ‘राम राम मामा, खरोशाला एसटी कोणत्या रस्त्यानं जाते?’ असे विचारावे. मग हात ज्या दिशेला जातो, ती दिशा घ्यावी आणि पुढच्या गावात पुन्हा विचारावे.

शेतात शिरण्यापूर्वी हाक मारून परवानगी घ्यावी. हुरड्याच्या दिवसांत आगटी पेटलेली असेल तर अनेकदा आपणहून बोलावले जाते. गेल्यास घाई करून उठू नये, आणि निघताना पैसे पुढे करू नयेत. सोबत आणलेला पेढ्याचा पुडा घरातल्या मुलांच्या हातात द्यावा. अनोळखी विहिरीत किंवा तलावात पोहायला उतरू नये, पोहता येत असले तरी. किल्ल्यांच्या तटांवर आणि लेण्यांच्या माथ्यावर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, सिगारेट, उग्र अत्तर आणि दगडफेक यांपैकी काहीही चालत नाही.

दुपारच्या जेवणानंतर लगेच गाडीवर बसू नये. भाकरी, ठेचा, पिठले पोटभर झाल्यावर अर्ध्या तासात डोळे जड होतात आणि सरळ, रिकाम्या रस्त्यावर ती गुंगी कळतही नाही.

## टप्पा 9: काही बिघडल्यास

पंक्चर झाल्यास ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटर सोडून, हँडल सरळ धरून गाडीला आपोआप मंदावू द्यावे. नंतर ती रस्त्याबाहेर घ्यावी. पुढची कृती ठरलेली असावी. एक जण गाडीजवळ थांबतो, दुसरा काढलेले चाक घेऊन किंवा माणूस आणायला गावात जातो. बंद गाडीला मागून पाय लावून ढकलत नेण्याची आपल्याकडे सवय आहे. ती एकेरी रस्त्यावर सोडावी, आणि दोरी हँडलला बांधून ओढण्याचा प्रयोग तर करूच नये. दिवस मावळतीला आला असेल तर मित्राला एकटे मागे ठेवू नये. गाडी जवळच्या वस्तीवर, कोणाच्या तरी अंगणात लावावी आणि दोघांनी एका गाडीवर परतावे. गाडी सकाळी आणता येते.

गाडी अचानक बंद पडली तर मिस्त्रीला फोन लावण्यापूर्वी हे क्रमाने पाहावे: इंजिन बंद करण्याचे लाल बटण चुकून दाबले गेले आहे का, पेट्रोलचा कॉक बंद आहे का, साइड स्टँड खाली आहे का आणि प्लगची टोपी निघाली आहे का. निम्म्या वेळा गाडी इथेच चालू होते, आणि मित्राला वर्षभर पुरेल एवढा चेष्टेचा विषय मिळतो.

पडझड झाली तर आधी दुसऱ्या गाडीचे दिवे चालू करून ती मागे थोड्या अंतरावर उभी करावी, म्हणजे येणारी वाहने सावध होतील. मग 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावावा आणि जागा सांगताना गावाचे नाव, कोणत्या दोन गावांच्या मध्ये आहोत ते आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. मानेला किंवा डोक्याला मार असेल आणि श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, पाणी पाजू नये, उठवून बसवू नये.

## टप्पा 10: परत आल्यावर

चेन गरम असतानाच पुसून तेल द्यावे, कारण तेव्हा ते आत शिरते. सकाळी थंड चेनवर दिलेले तेल बाहेरच राहते आणि धूळ धरते. मडगार्डमधली काळी माती त्याच संध्याकाळी पाण्याने काढावी, वाळली की ती खरवडावी लागते. टायरवर पुन्हा एकदा हात फिरवावा, बाभळीचा काटा रुतलेला असल्यास सकाळी ऑफिसला निघताना चाक बसलेले सापडते.

खर्चाचा हिशेब त्याच रात्री मिटवावा. ज्याचे घर दूर, त्याने पोचल्याचा फोन करावा, आणि ज्याचे घर जवळ, त्याने तो फोन येईपर्यंत झोपू नये.